जबड्याची न भरणारी जखम: आरोग्यमंत्र्यांना एक खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री, सार्वजनिक आरोग्य विभाग,
महाराष्ट्र शासन

महोदय,

तंबाखूने तोंडाचा कॅन्सर होतो, हे सांगण्यासाठी हे पत्र नाही. ते शाळेच्या भिंतीवर लिहिलेले आहे, एसटी स्टँडवर लिहिलेले आहे आणि २०१२ पासून बंदी असूनही टपरीवर मिळणाऱ्या गुटख्याच्या पुडीवरही छापलेले आहे. हे पत्र त्याच्या पुढच्या टप्प्याचे आहे. ऑपरेशन झाले, किरणोपचाराचे शेक झाले, माणूस वाचला, कामाला लागला. आणि वर्षा-दोन वर्षांनी त्याच जबड्यात एक जखम उघडली, ती काही केल्या भरेना. अशा जखमेत कधीकधी ॲक्टिनोमायसिस नावाचा जंतू असतो. त्याने होणारा आजार, ॲक्टिनोमायकोसिस, दुर्मीळ आहे, संथ आहे, कॅन्सरचे सोंग हुबेहूब वठवतो आणि पेनिसिलिनने बरा होतो. मात्र तो शोधावा लागतो. आणि तपासणीसाठी तुकडा पाठवण्याची आपली रोजची पद्धत अशी आहे, की हा जंतू प्रयोगशाळेत पोचण्याआधीच बाटलीत मरतो.

बाटलीचे पुढे येईलच. आधी हा प्रश्न महाराष्ट्राचा का, ते पाहावे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात ओठ आणि तोंडाच्या कॅन्सरचे सुमारे १ लाख ४३ हजार नवे रुग्ण झाले. भारतीय पुरुषांत हाच कॅन्सर पहिल्या क्रमांकावर आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातली २६.६ टक्के प्रौढ माणसे तंबाखू घेणारी निघाली, आणि त्यांत ओढणारे अगदी थोडे. २४.४ टक्के लोक तंबाखू चघळतात, मळतात, दाताला लावतात. विदर्भातला खर्रा, घाटावरची चुना-तंबाखू, आयाबायांची मिश्री या सगळ्यांचा हिशेब शेवटी तोंडात होतो. म्हणजे शेक घेतलेले जबडे या राज्यात भरपूर आहेत, आणि उपचार सुधारत जातील तसे ते वाढतच जाणार. ही चांगली बातमी आहे. पण वाचलेल्या माणसाच्या पुढच्या दुखण्यांची तयारी त्या वेगाने झालेली नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर रुग्णाला साधारण ६० ग्रे एवढा किरणोत्सर्ग देतात: आठवड्यातले पाच दिवस, सहा आठवडे. कॅन्सरच्या पेशींबरोबर हाडातल्या बारीक रक्तवाहिन्याही त्यात जळतात. खालच्या जबड्याला रक्तपुरवठा मुळातच बेताचा, त्यामुळे त्याला याची झळ अधिक. हाडात रक्त कमी, प्राणवायू कमी, नव्या पेशी कमी. असे हाड वरवर धड दिसते. पण दाढ काढली, कवळीने खरचटले किंवा नुसता दात किडला, की ते उघडे पडते आणि मरू लागते. हे शेक संपल्यावर काही महिन्यांनी होते, कधी काही वर्षांनीही होते.

ॲक्टिनोमायसिसला नेमके हेच हवे असते. हा जंतू बाहेरून येत नाही. आपल्या सगळ्यांच्या तोंडात, दातांवरच्या किटणात, टॉन्सिलच्या खाचांत तो राहतो. मंत्र्यांच्या तोंडात आहे, हे पत्र वाचणाऱ्यांच्या तोंडातही आहे. तो एकापासून दुसऱ्याला लागत नाही. धडधाकट त्वचा ओलांडून आत शिरण्याची त्याच्यात ताकद नाही. त्याला कुणीतरी दार उघडून द्यावे लागते आणि आतली जागा प्राणवायूला पारखी असावी लागते. शेकलेल्या जबड्यात दोन्ही अटी पुऱ्या होतात.

मग तो शिस्तीत काम करतो. घाई नाही, फारसा ताप नाही. गालाखाली किंवा जबड्याच्या कडेला एक गाठ येते, लाकडासारखी टणक. साधा संसर्ग स्नायूंच्या आणि आवरणांच्या सीमा बऱ्यापैकी पाळतो. हा त्या ओलांडून सरळ पुढे सरकतो, जसा कॅन्सर सरकतो. काही आठवड्यांनी कातडीला छिद्र पडते, त्यातून पू येतो, बंद होते, शेजारी दुसरे पडते. लोक त्याला नासूर म्हणतात. पुवात कधीकधी रव्याएवढे पिवळे कण असतात. ते कण म्हणजे या जंतूंची गुंतागुंत झालेली वसाहत.

हे कण निरखण्याची परंपरा मुंबईला नवी नाही. ‘ग्रेज ॲनाटॉमी’ची १८५८ च्या पहिल्या आवृत्तीची चित्रे काढणारा हेन्री व्हॅन्डाईक कार्टर त्याच सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवायला आला. अनवाणी शेतकऱ्यांच्या सुजलेल्या, छिद्रे पडलेल्या पायांतून निघणारे कण त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले आणि १८६० मध्ये त्या रोगाला मायसेटोमा हे नाव दिले. पुढे तो साताऱ्याला सिव्हिल सर्जन होता. मायसेटोमा कधी बुरशीने होतो, कधी ॲक्टिनोमायसिसच्या भाऊबंद जंतूंनी. जर्मनीत बोलिंगरने गुरांच्या सुजलेल्या जबड्यातला जंतू दाखवला तो १८७७ मध्ये, आणि बर्लिनच्या जेम्स इस्राएलने माणसातल्या रोगाचे वर्णन केले १८७८ मध्ये. कण काचेवर घेऊन पाहायचे, हा धडा त्याच्या कितीतरी आधी भायखळ्यात गिरवला गेला होता.

पेनिसिलिन येण्यापूर्वी या रोगावर पोटॅशियम आयोडाइड देत आणि, आज वाचून हसू येईल, क्ष-किरणांचा शेकही देत. ज्या शेकाने हा रोग घालवण्याचा प्रयत्न एके काळी झाला, त्याच शेकानंतर आज त्याला घर मिळते.

आता मूळ प्रश्नाकडे. उदाहरणादाखल एखादा रुग्ण डोळ्यांसमोर आणावा. तो कोणत्याही जिल्ह्यातला असू शकतो. त्याच्या जबड्याला जखम आहे. घरच्यांच्या मनात एकच वाक्य आहे: परत आला. शंका खोटी नाही, कारण तोंडाचा कॅन्सर उलटायचा असेल तर बहुधा पहिल्या दोन वर्षांतच उलटतो. पेट स्कॅन केला तर जखमेची जागा लखलखते. पण ती कॅन्सरनेही लखलखते आणि संसर्गानेही. मग तुकडा काढतात. अहवाल येतो: कॅन्सर दिसत नाही, मृत हाड आणि सूज आहे. डॉक्टर सुटकेचा नि:श्वास टाकतात, पाच दिवसांच्या गोळ्या लिहून देतात. जखम थोडी सुकते, महिन्याने पुन्हा वाहू लागते. पुन्हा तुकडा, पुन्हा तोच अहवाल, पुन्हा पाच दिवस. काही जण या फेऱ्यांना कंटाळून येणेच सोडतात.

या फेऱ्यात दोन वेगळ्या चुका दडलेल्या आहेत, आणि दुसरी पहिलीपेक्षा घातक आहे.

पहिली चूक म्हणजे जंतू न शोधणे. शल्यचिकित्सक तुकडा काढतात आणि तो फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकून पॅथॉलॉजीकडे पाठवतात. कॅन्सर शोधण्यासाठी हे योग्यच आहे. पण फॉर्मॅलिनमध्ये कोणताही जंतू जगत नाही, त्यामुळे त्या तुकड्याचे कल्चर कधीच होऊ शकत नाही. पाहिजे असते दुसरी बाटली: निर्जंतुक, फॉर्मॅलिन नसलेली, लगेच मायक्रोबायोलॉजीकडे जाणारी. तिथेही नेहमीचा शिरस्ता उपयोगाचा नाही. पुवाच्या कल्चरचा निकाल दोन-तीन दिवसांत लिहून ताट बाजूला ठेवतात. ॲक्टिनोमायसिसला प्राणवायूशिवाय वाढवावे लागते आणि दोन-तीन आठवडे वाट पाहावी लागते. चिठ्ठीवर शंका लिहिलेली नसेल, तर प्रयोगशाळेला हे समजणार कसे? त्यातून रुग्णाने आधी चार गोळ्या घेतलेल्या असतात. रोग बरा करायला त्या कमी पडतात, पण कल्चर कोरे यायला पुरतात. नमुना नीट घेतला तरी निम्म्याहून अधिक वेळा कल्चर हाती लागत नाही, हे या रोगाबद्दल सर्वमान्य आहे. म्हणून कोऱ्या कल्चरवर विसंबूनही चालत नाही.

यावर एक उपाय जुना आणि स्वस्त आहे. पिवळा कण काचेच्या दोन पट्ट्यांमध्ये चिरडायचा आणि ग्रॅम रंगकाम करायचे. जांभळे, फाटे फुटलेले धागे दिसले, की अर्धे निदान झाले. क्षयाच्या थुंकीसाठी जे आम्लरोधक रंगकाम करतात, त्यात थोडा बदल केला की ॲक्टिनोमायसिस आणि त्याचा जवळचा नातलग नोकार्डिया यांच्यातला फरकही बहुधा कळतो. यासाठी लागणारी माणसे आणि सूक्ष्मदर्शक क्षयनियंत्रणाच्या कामामुळे तालुक्यापर्यंत पोचलेले आहेत. नोकार्डिया वेगळा ओळखणे महत्त्वाचे, कारण तो मातीतून श्वासावाटे येतो, केमोथेरपी किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या कॅन्सर रुग्णाच्या फुप्फुसात आणि मेंदूत गळू करतो, आणि मेंदूतले ते गळू स्कॅनवर कॅन्सर पसरल्यासारखे दिसू शकते. त्याचे औषध वेगळे आहे.

दुसरी चूक याच्या उलट आहे. जंतू सापडला म्हणून कॅन्सर नाही, असे समजणे. दोघे एकाच जागी राहू शकतात. कॅन्सरची गाठ फुटली, तिचा गाभा मेला, की तिथेही प्राणवायू नसलेली जागा तयार होते, आणि ॲक्टिनोमायसिस तिथे सुखाने वाढतो. फुप्फुसात श्वासनलिका अडवणाऱ्या कॅन्सरमागे हा संसर्ग सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. वरवरचा तुकडा घेतला, त्यात जंतू दिसला, सगळ्यांना हायसे वाटले, सहा महिने पेनिसिलिन चालले. आणि खाली गाठ वाढत राहिली, असे होऊ शकते. शिवाय तोंडात हा जंतू सगळ्यांच्याच असतो. तुकड्याच्या पृष्ठभागावर तो नुसता चिकटलेला असेल, तर तो पाहुणा. हाडाच्या आत घुसून त्याभोवती पू आणि सूज असेल, तरच तो आजार. हा फरक पॅथॉलॉजिस्टने शब्दांत लिहायला हवा. ‘ॲक्टिनोमायसिस दिसतो’ एवढ्यावर अहवाल संपवणे म्हणजे प्रश्न पुढच्या माणसाच्या गळ्यात टाकणे.

कॅन्सर की संसर्ग, या प्रश्नातला ‘की’ हाच घोटाळा आहे. आपल्या दवाखान्यांत एक निदान मिळाले की फाइल मिटते. भारतात फुप्फुसाच्या कॅन्सरचे कितीतरी रुग्ण आधी काही महिने क्षयाची औषधे घेऊन मग कॅन्सरच्या डॉक्टरकडे पोचतात, ही तक्रार छातीरोगतज्ज्ञांच्या परिषदांत जुनी आहे. ती फाइल मिटण्याचीच कथा आहे.

हा रोग फक्त जबड्याचा नाही. पोटात तो अपेंडिक्सच्या आसपास गाठ करतो; मोठ्या आतड्याचा कॅन्सर समजून आतड्याचा भाग काढला जातो आणि पॅथॉलॉजीच्या टेबलावर उलगडा होतो. बायकांमध्ये वर्षानुवर्षे न बदललेल्या तांबीभोवती तो वाढतो आणि ओटीपोटातली गाठ अंडाशयाच्या कॅन्सरसारखी दिसते. ब्रिटिश शल्यचिकित्सक झॅकरी कोप याने १९३८ मध्ये या एका रोगावर आख्खे पुस्तक लिहिले आणि चेहरा-मान, छाती, पोट अशी त्याची विभागणी केली. ती अजून वापरात आहे. स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत पसरला की झोलेड्रोनिक ॲसिडसारखी जी औषधे शिरेतून देतात, त्यांनीही काही रुग्णांचा जबडा मरू लागतो. त्या मेलेल्या हाडातही हा जंतू वारंवार सापडतो. म्हणजे जिने जन्मात तंबाखूला हात लावला नाही, अशी बाईही या पत्रात मोडते.

प्रमाण किती? अगदी थोडे. १९६० च्या दशकात नेदरलँड्स आणि जर्मनीत वर्षाला लाखात एक, १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड भागात तीन लाखांत एक, असे अंदाज आहेत. ते सर्वसाधारण लोकसंख्येचे. शेकलेल्या जबड्यांना ते लावता येत नाहीत. भारतातली पहिली कॅन्सर नोंदणी मुंबईत सुरू झाली आणि ग्रामीण भागातली पहिली १९८७ मध्ये बार्शीत. नोंदीचा वारसा या राज्याकडे आहे. पण कॅन्सर नोंदणी गाठी मोजते, गाठीनंतरची जखम मोजत नाही. त्यासाठी नवी नोंदणी काढावी, असे हे पत्र म्हणत नाही. कारकुनी वाढवून जखमा भरत नाहीत. पॅथॉलॉजीच्या अहवालात एक ठरावीक ओळ भरली तरी पाच वर्षांनी मोजायला काहीतरी हाती असेल.

उपचारांची गोष्ट तर या राज्याच्या जिव्हाळ्याची असायला हवी. या जंतूवर पेनिसिलिन आजही नीट चालते. पसरलेल्या रोगात दिवसाला १ कोटी ८० लाख ते २ कोटी ४० लाख युनिट पेनिसिलिन शिरेतून, दोन ते सहा आठवडे. मग सहा ते बारा महिने तोंडाने पेनिसिलिन किंवा अमोक्सिसिलिन. पेनिसिलिन सोसत नसेल त्याला डॉक्सिसायक्लिन. मेलेले हाड असेल तर ते काढावेच लागते, कारण जिथे रक्त पोचत नाही तिथे औषधही पोचत नाही. पुण्याजवळ पिंपरीत १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. नंतर चिनी मालापुढे देशातले पेनिसिलिन-जीचे उत्पादन बसले, आणि ज्या राज्याने देशाला पेनिसिलिन दिले तिथल्याही डॉक्टरांवर बाहेरच्या पुरवठ्याकडे डोळे लावून बसण्याची वेळ आली. जुने, स्वस्त औषध विकण्यात कुणाला नफा नसतो. म्हणून त्याची काळजी सरकारलाच घ्यावी लागते.

आणखी एक गोष्ट दंतवैद्यांसाठी. दातदुखीच्या चिठ्ठीत आपल्याकडे मेट्रोनिडाझोल हमखास असते. बाकीच्या बऱ्याच प्राणवायुविरोधी जंतूंवर ते उत्तम. ॲक्टिनोमायसिसवर चालत नाही. शेक घेतलेल्या माणसाची जखम मेट्रोनिडाझोलच्या भरवशावर ठेवणे म्हणजे वेळ दवडणे.

 

महोदय, आपल्या विभागाकडे मागायचे ते फार खर्चाचे नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे ऑपरेशन आणि शेक बसतात, कुटुंबाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. त्याच पैशात शेक सुरू होण्याआधीची दातांची तपासणी सक्तीची करावी. किडके दात शेकाआधी किमान दोन आठवडे काढले, तर जखमेला भरायला वेळ मिळतो आणि पुढचे कितीतरी जबडे वाचतात. आज हे काम मोठ्या कॅन्सर रुग्णालयांत होते. जिल्ह्यातून परस्पर शेकाला जाणाऱ्या माणसाचे होईलच असे नाही. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथल्या शासकीय दंत महाविद्यालयांना यात ओढावे. ती वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, हे कारण रुग्णाला सांगण्याजोगे नाही.

शेक घेतलेल्या जबड्याच्या न भरणाऱ्या जखमेतून तुकडा काढला, तर तो दोन बाटल्यांत जावा, चिठ्ठीवर ‘ॲक्टिनोमायसिस? दीर्घ कल्चर ठेवावे’ असे लिहिलेले असावे, आणि कॅन्सर नाही असा अहवाल आल्यावरही जखम सहा आठवड्यांत भरली नाही तर खोलवरचा तुकडा पुन्हा घ्यावा. सहा आठवडे हा या पत्राचा हिशेब आहे. तज्ज्ञ समितीने तो बदलावा, पण काहीतरी मुदत लिहावीच. जंतू सापडला तरी कॅन्सरच्या डॉक्टरकडची पुढची तारीख रद्द होऊ नये. जिथे प्राणवायूविना कल्चरची सोय नाही, तिथून नमुना मेडिकल कॉलेजकडे जाण्याची वाट ठरलेली असावी. यासाठी कायदा नको. एका परिपत्रकाचे काम आहे.

राहिला औषधाचा पुरवठा. निदान झालेला रुग्ण गावी परततो आणि उपचार तिथेच मोडतो, कारण सहा महिन्यांच्या गोळ्या त्याला दर पंधरवड्याला शहरातून आणाव्या लागतात, आणि जखम दुसऱ्या महिन्यातच कोरडी दिसू लागते. अमोक्सिसिलिन प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या औषधयादीत आहेच. कॅन्सर रुग्णालयाची चिठ्ठी असलेल्या अशा रुग्णाला ते पाच दिवसांऐवजी पूर्ण मुदतीपर्यंत मोफत द्यावे, एवढा लेखी आदेश वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हातात हवा. तो आपण काढावा, ही विनंती.

कळावे.